लग्न दोघांचं, पण आधार कुणाकुणाचा? मित्र, माहेर आणि भावकीचा नवरा-बायकोच्या सुखाशी काय संबंध?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ज्यांच्या गोठ्यात चार गायी आहेत, त्या नवरा-बायकोची एक अडचण कायमची असते. पाहुण्यांत लग्न असो, बारसं असो की दहावा, दोघांना एकत्र जाता येत नाही. सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या असतात आणि दूध वेळेत संकलन केंद्रावर पोचवायचं असतं. म्हणून एक जण कार्यक्रमाला जातो, दुसरा गोठ्यात थांबतो. "तुम्ही जावा दोघं, मी बघतो गायींचं" असं म्हणणारा चुलतभाऊ, जाऊबाई किंवा मित्र शेजारी असेल, तरच जोडीनं घराबाहेर पडता येतं.

गोष्ट साधी आहे, पण संसाराबद्दल बरंच सांगणारी आहे. लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झाली की नवरा-बायकोचं कसं चाललंय, हे त्या दोघांच्या स्वभावावरच ठरतं असं आपण धरून चालतो. पण त्यांच्याभोवती कोण माणसं आहेत, ती वेळेला येतात का आणि मन मोकळं करायला कुणी आहे का, यावरही ते बरंच ठरतं.

थोडक्यात

- घराबाहेर भरवशाचं माणूस असेल तर संसारातला ताण कमी बाधतो. त्यासाठी गोतावळा मोठा असायलाच हवा असं नाही.
- गावाकडं लग्नानंतर पुरुषाची मैत्री टिकते, बाईची बहुतेक वेळा तुटते.
- माहेर हा बाईचा मोठा आधार असतो, पण तो जमिनीच्या वाट्यात अडकू शकतो.
- नाती आधार देतात, तशी डोक्याला तापही होतात. नुसतं "आमची भावकी मोठी आहे" म्हणून भागत नाही.

अभ्यास काय सांगतात?

ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. त्यात ३ लाखांहून जास्त लोकांची माहिती होती. ज्यांची इतरांशी नाती घट्ट होती, ते अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त निघाली. यात नवरा-बायको, नातलग, मित्र, शेजारी अशी सगळीच नाती धरली होती.

हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास १९३८ पासून सुरू आहे. त्यातले रॉबर्ट वॉल्डिंगर आणि मार्क शुल्झ यांनी ऐंशीच्या घरातल्या ४७ जोडप्यांकडून आठ दिवस रोजची विचारपूस केली आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या दिवशी माणसांत जास्त वेळ गेला, त्या दिवशी म्हातारी माणसं जास्त खूश होती. शिवाय ज्यांचं आपल्या जोडीदाराशी पटत होतं, त्यांचा आनंद दुखण्याखुपण्याच्या दिवशीही फारसा ढळत नव्हता. म्हणजे जोडीदाराची सोबत आणि बाहेरच्या माणसांची सोबत ही दोन वेगळी कामं करतात. एक आहे म्हणून दुसरीची गरज संपत नाही.

भांडणाच्या दिवशी काय होतं, हे अमेरिकेतल्याच २०१८ च्या एका अभ्यासानं पाहिलं. टेक्सासमधल्या १०५ नवविवाहित जोडप्यांनी रोज डायरी लिहिली आणि सकाळ-संध्याकाळ लाळेचे नमुने दिले. त्यातून कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची रोजची चढउतार मोजता आली. बाहेर बोलायला चांगलं माणूस आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्या शरीरावर भांडणाचा परिणाम कमी दिसला. मित्र किती आहेत यानं फरक पडला नाही. आहेत त्यांच्याकडून मिळणाऱ्या आधाराबद्दल समाधान आहे का, यानं पडला.

ही जोडपी परदेशातली आहेत. त्यांचे आकडे जसेच्या तसे बारामतीला लावता येणार नाहीत, पण त्यांनी दाखवलेली दिशा इथं तपासून पाहता येते.

त्याचा पार, तिचं काय?

मानववंशशास्त्रज्ञ एलिझाबेथ बॉट यांनी लंडनमधल्या २० कुटुंबांचा अभ्यास करून १९५७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं : ज्या जोडप्याचे नातलग, शेजारी आणि मित्र एकमेकांनाही ओळखतात, तिथं नवरा आणि बायको यांची कामं आणि करमणूक वेगळी असते. तो त्याच्या मित्रांत, ती तिच्या आई-बहिणींत. ज्यांची ओळखीची माणसं विखुरलेली असतात, ते नवरा-बायको कामं वाटून घेतात आणि एकमेकांवर जास्त अवलंबून राहतात.

बारामती-इंदापूरचं गाव पहिल्या प्रकारात बसतं. सगळे सगळ्यांना ओळखतात. सकाळी दूध संकलन केंद्रावर, संध्याकाळी पारावर किंवा चहाच्या टपरीवर पुरुषांची बैठक ठरलेली असते. कालव्याचं आवर्तन, उसाची तोड, सोसायटीचं कर्ज असे विषय निघतात. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाताना सोबतीला येणारा माणूस बहुधा शाळेपासूनचा मित्र असतो.

पण एक मोठा फरक आहे. लंडनमधल्या बायकांची आई बऱ्याचदा जवळच राहत होती. इथली बाई लग्न होऊन दुसऱ्या गावाहून येते. फलटण, माळशिरस, दौंड, करमाळा अशा शेजारच्या तालुक्यांतून सोयरिकी होतात. मुलगी नीरा किंवा भीमा ओलांडून येते आणि शाळेतल्या मैत्रिणी मागं राहतात. त्याही लग्न होऊन चार दिशांना गेलेल्या असतात. नवरा जन्मापासूनच्या माणसांत राहतो आणि तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्यातही जाऊ, नणंद, चुलतसासू अशी भेटणारी बहुतेक माणसं नवऱ्याच्याच नात्यातली असतात. मनातलं सांगायचं तरी ऐकणारी व्यक्ती "त्याच्याकडची" असते.

याची कल्पना देणारी आकडेवारी उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातली आहे. तिथं २०१८ मध्ये ६७१ तरुण विवाहितांना विचारलं गेलं. नवरा आणि सासू सोडून जिल्ह्यात जवळचं असं कुणीच नाही, असं ३६ टक्के जणींनी सांगितलं. २२ टक्के जणींना कुठंच कुणी नव्हतं. सासूसोबत राहणाऱ्या महिलांची बाहेरची जवळीक आणखी कमी होती. महाराष्ट्रात बायका शेतात, बाजारात आणि बचत गटात जास्त वावरतात, त्यामुळे चित्र अगदी तसं नाही. पण लग्नानं बाईची जुनी माणसं दुरावतात, ही गोष्ट दोन्हीकडं सारखी आहे.

इंदापूर तालुक्यातच वेगळं उदाहरणही सापडतं. वालचंदनगर हे कारखान्याभोवती वसलेलं गाव. अशा कामगार वसाहतीत नवरा-बायको दोघंही बाहेरून आलेले असतात. कुणाचीच भावकी शेजारी नसते. मग शेजारचं बिऱ्हाड हेच दोघांचं नातलग होतं आणि मैत्री जोडीनं जुळते. बारामतीच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या, भाड्यानं राहणाऱ्या तरुण जोडप्यांना हीच सोय आहे आणि हीच अडचणही. एकमेकांना वेळ मिळतो, पण बाळ आजारी पडलं तर हाक मारायला कुणी नसतं.

मामाची मुलगी केली तर?

इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या १९५३ च्या पुस्तकात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवलं. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न टाळतात. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. अशा लग्नात सुनेची सासू ही तिची आत्याच असते. घर ओळखीचं, माणसं ओळखीची, त्यामुळे सुरुवातीचा परकेपणा कमी.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. नवरा-बायकोचं बिनसलं की ते भांडण बहीण-भावाचं होतं. सुनेनं माहेरी तक्रार करायची म्हणजे वडिलांनी स्वतःच्या बहिणीला बोल लावायचा. मग कितीतरी गोष्टी न बोलताच राहतात.

सासरच्या माणसांशी असलेल्या जवळिकीबद्दल अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एक लांबलचक अभ्यास झाला. १९८६ मध्ये लग्न झालेल्या ३७३ जोडप्यांचा टेरी ऑर्बुक आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. नवरा बायकोच्या आई-वडिलांशी जवळीक ठेवून असेल, तर घटस्फोटाचा धोका २० टक्क्यांनी कमी दिसला. सून सासू-सासऱ्यांच्या फार जवळ असेल, तर तो तेवढाच वाढलेला दिसला. ऑर्बुक यांचा अर्थ असा : जावई सासुरवाडीला मान देतो तेव्हा बायकोला आपली किंमत जाणवते. सून फार जवळ गेली की सासरच्यांचा सल्ला तिला लुडबुड वाटू लागतो.

आपल्याकडं घटस्फोट कमी होतात, त्यामुळे हा आकडा इथं मोजपट्टी म्हणून चालणार नाही. पण जावयाबद्दलचा मुद्दा गावात सहज पटण्यासारखा आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण मिळतं, चांदीची भांडी आणि कपडे मिळतात. तोच जावई सासऱ्याच्या आजारपणात दवाखान्यात रात्र काढायला जातो का, हे बायको कायम लक्षात ठेवते.

माहेर आणि सातबारा

बाईच्या आधाराची सगळ्यात मोठी जागा म्हणजे माहेर. नागपंचमी, गौरी, दिवाळी, भाऊबीज या सणांना तिथं जायची मुभा असते. दोन दिवस कामातून सुटका आणि बोलायला आपली माणसं मिळतात. सासरी तिच्यामागं कुणी उभं आहे हे दिसणं हाही माहेरचा उपयोग असतो.

पण याच नात्यात जमीन येते. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा हक्क देणारी दुरुस्ती केली. केंद्रानं २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलला. मुलीचा हा हक्क जन्मानं येतो आणि २००५ ची दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं.

प्रत्यक्षात अनेक बहिणी तलाठ्याकडं किंवा दुय्यम निबंधकाकडं जाऊन हक्कसोड करून देतात. कारण सरळ आहे. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. मग दिवाळीला कुठं जायचं, सासरी काही झालं तर पाठीशी कोण उभं राहणार?

बारामती-इंदापूरमध्ये हा प्रश्न आता जास्त टोकदार आहे, कारण जमिनीची किंमत वाढली आहे. पाटसहून बारामती, इंदापूरमार्गे जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. अशा रस्त्यांसाठी भूसंपादन होतं तेव्हा सातबारावर कुणाकुणाची नावं आहेत हे बघितलं जातं आणि बहिणींच्या सह्यांची आठवण येते.

इथं ताण दोन घरांत पडतो. नवरा म्हणतो, कायद्यानं तुझं आहे तर माग. भाऊ म्हणतो, बहीण असून वाटा मागते. बाई मधे सापडते. हिस्सा मागावा की सोडावा, याचा कायदेशीर निर्णय तिचा एकटीचा असतो, पण त्याची किंमत संसार आणि माहेर दोन्हीकडं मोजावी लागते. काही घरांत भाऊ स्वतःहून बहिणीला तिचा वाटा देतात किंवा तिच्या नावानं रक्कम ठेवतात. तिथं माहेरही राहतं आणि संसारातलं एक भांडणही टळतं.

कोयता : जिथं जोडपं हेच मजुरीचं एकक

नात्यांचं जाळं काढून घेतलं तर काय होतं, हे याच दोन तालुक्यांत दर हिवाळ्यात दिसतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती अशा साखर कारखान्यांच्या उसाला बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून तोडणी मजूर येतात. दिवाळीच्या आसपास येतात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. यांच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो तीही जोडीच्या हिशेबानं.

पाच-सहा महिने हे जोडपं कोपीत राहतं. पहाटे उठून फड गाठायचा, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. स्वयंपाक, पाणी, धुणं हे बाईच्या वाट्याला वेगळंच. एकाला ताप आला तरी जोडीचं काम थांबतं आणि उचल फिटायची राहते. नवरा-बायकोत कितीही बिनसलं तरी दुसऱ्या दिवशी एकाच फडात उभं राहावं लागतं. रुसून माहेरी जायची सोय नसते.

अशा वेळी दोन गोष्टींचा आधार असतो. एक म्हणजे टोळी. ती बहुधा एका गावातली किंवा नात्यातली असते, त्यामुळे दुखणं-बाळंतपणाला शेजारची कोपी धावून येते. दुसरा आधार म्हणजे गावी राहिलेले आजी-आजोबा. ते धडधाकट असतील तर मुलांची शाळा चालू राहते. नसतील तर मुलं फडावर येतात, नाहीतर हंगामी वसतिगृहाचा आधार घ्यावा लागतो. म्हाताऱ्या आई-वडिलांची तब्येत हा या जोडप्यांच्या संसाराचा कणा असतो.

पोरं पुण्याला गेल्यावर

शिक्षण आणि नोकरीसाठी मुलं पुणे, हडपसर, चाकणकडं जातात. मागं पन्नाशी-साठीतलं जोडपं, दोन गायी आणि ऊस राहतो. देशातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी २०१७-१८ मध्ये झाली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केलेल्या या पाहणीला 'लासी' म्हणतात. त्यानुसार साठीपुढचे ४१ टक्के लोक जोडीदार आणि मोठी मुलं या दोघांसोबत राहतात, तर २८ टक्के जोडीदाराशिवाय मुलांसोबत.

मुलं जवळ असली तरी जोडीदार कायम असेलच असं नाही, हे त्या दुसऱ्या आकड्यातून कळतं. जोडीदार गेल्यावर दोघांची अवस्था वेगळी होते. नवरा आधी गेला तर बाईला पैसा आणि जमिनीच्या नावाची चिंता असते, पण नातवंडं, शेजारणी, लेकी-सुना यांच्याशी तिचं येणं-जाणं असतं. बायको आधी गेली तर पुरुषाला उशिरा कळतं की पाहुण्यांना फोन करणं, लेकींची खबर ठेवणं, कुणाच्या घरी कधी जायचं हे लक्षात ठेवणं, हे सगळं तीच करत होती. पारावरचे मित्र असतात, पण तिथं ऊसदराची चर्चा होते. रात्री झोप लागत नाही, हे तिथं कुणी बोलत नाही.

पन्नाशीनंतर नवी मैत्री कुठं होते?

बायकांसाठी बचत गटाची महिन्याची बैठक, भिशी, भजनी मंडळ आणि शेतमजुरीला एकत्र जाणारी टोळी या जागा मोलाच्या आहेत. इथं भेटणारी बाई नवऱ्याची नातलग असायलाच पाहिजे असं नसतं. बचत गटाचा फायदा कर्जापुरता मोजला जातो, पण घराबाहेर जायला सगळ्यांना मान्य असलेलं कारण मिळणं हाही त्याचा मोठा फायदा आहे.

जोडीनं करता येण्यासारखी जुनी गोष्ट म्हणजे वारी. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीवरून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण आणि पुढं निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम पडतात. अनेक नवरा-बायको एकाच दिंडीतून वर्षानुवर्षं चालतात. दिंडीतली ओळख ना सासरची ना माहेरची, ती दोघांची मिळून असते. गावागावांत ज्येष्ठ नागरिक संघही आहेत, फक्त तिथं पुरुष जास्त आणि बायका कमी दिसतात.

नाती डोईजड कधी होतात?

सगळी जवळीक चांगली नसते. होल्ट-लन्स्टॅड यांच्याच २००८ च्या अभ्यासात सुखी विवाहितांचा रक्तदाब सगळ्यात चांगला निघाला. पण ज्यांचं पटत नव्हतं, त्यांचा रक्तदाब अविवाहितांपेक्षाही जास्त होता आणि मित्र-नातलग असूनही त्यात फारसा फरक पडला नव्हता. मित्रमंडळी रोजच्या ताणाची धार कमी करतात, बिघडलेलं नातं त्यांच्यानं दुरुस्त होत नाही.

गावात आणखी एक धोका असतो. बांधाचा वाद, पाण्याची पाळी, आई-वडिलांना कोण सांभाळणार, या भावकीतल्या भांडणांत नवरा-बायको दोन बाजूंना ओढले जातात. आणि मारहाण होत असताना "चार माणसांत शोभा नको" म्हणून बाईला परत पाठवणारे नातलग आधार देत नसतात. तिथं कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ आणि संरक्षण अधिकारी हा मार्ग आहे.

मग करायचं काय?

- दोघांचंही घराबाहेर किमान एक भरवशाचं माणूस असावं. बायकोच्या मैत्रिणीला, बहिणीला भेटायला वेळ आणि गाडी मिळणं ही नवऱ्याची जबाबदारी मानली तर बराच फरक पडतो.
- पाहुण्यांशी बोलणं, लेकींची विचारपूस ही कामं पुरुषांनीही करावीत. पुढं एकटं पडण्याची वेळ आली तर तीच ओळख उपयोगी येते.
- गोठा आणि पोरं सांभाळायची सावड शेजाऱ्यांशी ठरवून घ्यावी. यंदा त्यांनी आपल्या गायी बघायच्या, पुढच्या खेपेला आपण त्यांच्या.
- जमिनीच्या वाट्याचं बोलणं सणाच्या दिवशी किंवा सहीच्या वेळी काढू नये. आधी, सगळ्यांसमोर आणि बहिणीचं मत विचारून करावं.

मदतीसाठी : ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीच्या वेळी ११२.